बातमी कोणत्या फ्रेमला फोडायची?

विद्यार्थ्यांनी केलेल्या भयपटांत एक गोष्ट हमखास आढळते. पडद्यावर अजून होस्टेलचा रिकामा पॅसेज आणि लुकलुकणारी ट्यूबलाइट यांपलीकडे काही नसतं, तेव्हापासूनच एक घोगरा, खोल सूर घुमायला लागतो आणि थेट श्रेयनामावलीपर्यंत थांबत नाही. मधूनमधून व्हायोलिनं किंचाळतात. दार लागलं की धाडकन आवाज, मांजर आडवं गेलं तरी धाडकन आवाज. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधला डिप्लोमा असो की मुंबईतल्या मास मीडियाच्या वर्गातला सेमिस्टरचा प्रोजेक्ट, अशी फिल्म संपली की ‘म्यूझिक भारी आहे’ अशी दाद मिळते, पण घाबरलेलं कोणीच नसतं. ट्रॅक वाईट निवडला म्हणून हे होतं, असा सर्वसाधारण समज आहे आणि तो मला चुकीचा वाटतो. भयपटात संगीताचं पहिलं काम घाबरवण्याचं नसतंच. पात्राला जे ठाऊक नाही ते प्रेक्षकाला कळवणं, किंवा अगदी ठरवून न कळवणं, हे त्याचं काम. संगीत ही बातमी आहे. ती कोणत्या फ्रेमला फोडायची आणि तोवर किती वेळ दाबून ठेवायची, हा निर्णय कुठला ट्रॅक घ्यायचा यापेक्षा कितीतरी मोठा आहे, आणि तो संगीतकाराचा कमी व एडिटरचा जास्त आहे.

‘जॉज’ (१९७५) हे याचं सगळ्यांना माहीत असलेलं, पण फारसं कान देऊन न ऐकलेलं उदाहरण. जॉन विल्यम्सची धून दोन लगतच्या सुरांची आहे. पाश्चात्त्य पद्धतीत ई आणि एफ. आपल्याकडच्या षड्ज आणि कोमल रिषभात असतं तेवढंच अंतर. दिग्दर्शक स्पीलबर्गने ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा विल्यम्स थट्टा करतोय असंच त्याला वाटलं होतं. सुटी काढून ऐकली तर ती फार भयानक नाहीच. तिचं बळ दुसरीकडे आहे: ती वाजते तेव्हा शार्क खरोखर पाण्यात असतो. किनाऱ्यावर दोन पोरं शार्कचा पुठ्ठ्याचा पर लावून लोकांना घाबरवतात, पळापळ होते, पण त्या प्रसंगात ही धून नाही. म्हणजे सिनेमा प्रेक्षकाशी न बोलता एक करार करतो की धून असेल तर शार्क असेल. आणि मग उत्तरार्धात पोलिसप्रमुख ब्रॉडी बोटीच्या कडेला उभा राहून पाण्यात मांसाचा खिमा टाकत असतो, संगीत अजिबात नाही, आणि शार्क थेट तोंड वर काढतो. करार मोडला. इतका वेळ प्रामाणिक राहून एकदाच केलेली ही दगाबाजी आहे, म्हणून ती लागते. पहिल्या फ्रेमपासून घुमणाऱ्या सुराला असा दगा देता येत नाही, कारण त्याने प्रेक्षकाला कधी कसला शब्दच दिलेला नसतो.

आता यावर पहिला आक्षेप हिचकॉकच्या सिनेमातूनच घेता येईल. ‘सायको’मधला (१९६०) शॉवरचा प्रसंग संगीताशिवाय ठेवायचा असं हिचकॉकने ठरवलं होतं. संगीतकार बर्नार्ड हर्मनने ते मानलं नाही, फक्त तंतुवाद्यांसाठी तुकडा लिहिला, हिचकॉकने तो ऐकला आणि मत बदललं. तेव्हा, आक्षेप घेणारा म्हणेल, शांततेचं कौतुक पुरे. जगातला सगळ्यात गाजलेला भीतीचा प्रसंग संगीताने उभा राहिलाय. पण प्रसंग पुन्हा लावून बघा. नायिका मॅरियन नळ सोडते, अंग भिजवते, पडद्यामागे सावली दिसते, ती जवळ येते. या सगळ्या वेळात फक्त पाण्याचा आवाज आहे. व्हायोलिनं येतात ती पडदा ओढला जातो त्या क्षणी. खून संपतो, खर्जातले जड सूर उतरत जातात, आणि पुन्हा पाणी, मोरीकडे वाहत जाणारं, बराच वेळ. सावली दिसताच हर्मनने एखादा धीमा सूर धरला असता तर तो प्रेक्षकाच्या डोळ्यांनी आधीच दिलेली बातमी पुन्हा सांगत बसला असता. हिचकॉकची चूक झाली ती मधल्या पाऊण मिनिटापुरती. दोन्ही बाजूंच्या पाण्याबद्दल त्याचं बरोबरच होतं, आणि हर्मननेही ते पाणी तसंच ठेवलं. विशेष म्हणजे तीनच वर्षांनी आलेल्या ‘द बर्ड्स’मध्ये रूढ अर्थाचं पार्श्वसंगीतच नाही. पक्ष्यांचे आवाज ट्राउटोनियम नावाच्या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर तयार केले गेले आणि ध्वनी-सल्लागार म्हणून नाव आहे ते याच हर्मनचं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, कारण तो प्रयोगशाळेतून येतो. काही आवाज माणसाला घाबरवतात ते त्यांच्या जातीमुळेच, त्यात बातमीबितमी काही नाही, असं म्हणता येतं. मारमॉट या प्राण्याच्या धोक्याच्या हाकांचा अभ्यास करणाऱ्या डॅनियल ब्लमस्टाइन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१० साली १०२ चित्रपटांतले ध्वनिपट्टे तपासले, तेव्हा भयपटांत फाटलेले, कर्कश, एकदम पट्टी बदलणारे आवाज ठळकपणे आढळले. प्राणी जिवाच्या आकांताने ओरडतो तेव्हा त्याच्या गळ्यातून निघतात त्या जातीचे. २०१५ सालच्या आणखी एका संशोधनात असं दिसलं की किंकाळीचा खरखरीतपणा आवाजाच्या तीव्रतेत सेकंदाला ३० ते १५० वेळा होणाऱ्या वेगवान चढउतारांत असतो, साध्या बोलण्यात तो नसतो, आणि मेंदूतलं भीतीशी संबंधित केंद्र त्याला चटकन दाद देतं. हे सगळं मान्य. संगीतकार पेंडेरेत्स्कीचं ५२ तंतुवाद्यांसाठीचं ‘थ्रेनडी’ ऐकताना अंगावर काटा येतो तो याच जातीच्या आवाजांमुळे. पण दचकणं वेगळं आणि ताण वेगळा. दचकणं ही शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया आहे, पापणी लवते तितक्या वेळात होऊन संपते आणि लागोपाठ झाली की बोथट होते. ताण मिनिटभर टिकवायचा असतो, आणि तो टिकतो तो पुढे काय होणार याच्या अर्धवट माहितीवर. कर्कश आवाज हे हत्यार म्हणून उत्तम आहे, पण ते म्यानाबाहेर किती वेळ ठेवायचं हे एडिटरच ठरवणार.

इथे थोडा हिशेब मांडतो, कारण तो टाइमलाइनवर रोज उपयोगी पडतो. समजा पॅसेजमधला नुसता वातावरणाचा आवाज उणे ४० डेसिबलवर आहे आणि दारावरचा धक्का उणे १२ वर. फरक २८ डेसिबलचा. दहा डेसिबल वाढले की आवाज साधारण दुप्पट मोठा वाटतो हे धरलं, तर कानाला तो धक्का जवळपास सातपट मोठा लागतो. आता त्याच पॅसेजमध्ये आधीपासून उणे १८ वर घुमणारा सूर घाला. धक्का तोच, पण फरक उरला सहा डेसिबलचा, म्हणजे जेमतेम दीडपट. मग विद्यार्थी काय करतो? धक्का आणखी वाढवतो, तो फाटतो, आणि बघणारा घाबरण्याऐवजी रिमोटकडे हात नेतो. दोष धक्क्यात नव्हता, त्याच्या आधीच्या चाळीस सेकंदांत होता.

शांतता म्हणजे अर्थातच शून्य आवाज नव्हे. ध्वनिपट्टा खरोखर कोरा सोडला तर प्रेक्षकाला भीती वाटत नाही, फाइल बिघडली असं वाटतं. चित्रीकरणाच्या जागी सगळ्यांना गप्प उभं करून अर्धा-एक मिनिट ‘रूम टोन’ रेकॉर्ड करायचा असतो तो यासाठी. घाईत सगळ्यात आधी वगळली जाणारी गोष्टही हीच. तो हातात असला की खेळायला जागा मिळते. गावाकडच्या रात्रीचा प्रसंग असेल तर रातकिड्यांचा आवाज आधी वीसेक सेकंद चालू द्यावा, इतका की तो ऐकू येणंच बंद व्हावं, आणि मग एका फ्रेमला तो थांबवावा. माणसाची चाहूल लागली की रातकिडे गप्प होतात हे आपल्याकडे शेतात राहिलेल्या कोणालाही सांगावं लागत नाही. संगीताचा एकही सूर न लावता बातमी पोहोचली. कमी पैशांत हे साधणाऱ्यांचा गुरू म्हणजे आर.के.ओ. स्टुडिओतला निर्माता व्हॅल ल्यूटन. त्याच्या ‘कॅट पीपल’मध्ये (१९४२) एक बाई रात्री एकटी चालली आहे, मागून दुसरी येते आहे. संगीत नाही, दोघींच्या टाचांचा आवाज फक्त. मग मागची टाच वाजायची थांबते. पुढे जे घडतं त्यात एक बस येऊन फुसकन ब्रेक लावते, एवढंच. एडिटर मार्क रॉब्सनने जुळवलेला हा तुकडा इतका गाजला की अशा फसव्या धक्क्याला ‘ल्यूटन बस’ असंच नाव पडलं. बसकडे सगळे लक्ष देतात. माझ्या मते शिकण्यासारखी गोष्ट थांबलेली टाच आहे.

‘हॅलोविन’चा (१९७८) दाखला देऊन कोणी म्हणेल की दिग्दर्शक जॉन कार्पेंटरनेच सांगून ठेवलंय, ध्वनिपरिणाम आणि संगीत नसलेली प्रत एका स्टुडिओच्या अधिकारी बाईला दाखवली तेव्हा ती जराही घाबरली नाही, आणि मग त्याने संगीताने सिनेमा वाचवला. खरं आहे. वडिलांनी लहानपणी बोंगोवर शिकवलेला पाच मात्रांचा ठेका त्याने पियानोवर घेतला आणि तो आजही ओळखू येतो. पण त्या बाईने पाहिलेल्या प्रतीत पावलं नव्हती, श्वास नव्हता, दारांची करकर नव्हती. त्यावरून ध्वनी हवा इतकंच सिद्ध होतं, अखंड हवा असं नाही. शिवाय कार्पेंटरचे तुकडे खुनी मायकेल मायर्सला चिकटलेले आहेत. चार-दोन वेळा तो दिसल्यावर पुढे रिकाम्या फुटपाथवर ते वाजले तरी आपण झुडपांकडे बघतो. शार्कचाच करार, फक्त जमिनीवर.

मग ट्रॅक निवडायचा कसा? माझं उत्तर विचित्र वाटेल: स्वतःची गोष्ट नसलेला निवडा. रॉयल्टी-फ्री लायब्ररीत ‘हॉरर’ असं टाकून जे ट्रॅक मिळतात ते बहुतेक ट्रेलरच्या धाटणीचे असतात. सुरुवात हळू, मग चढत जाणारी रांग, ठरावीक सेकंदाला स्फोट. असा ट्रॅक टाइमलाइनवर ठेवला की त्याचा स्फोट आणि आपलं दार यांची वेळ जुळवण्यात रात्र जाते, आणि शेवटी एडिट ट्रॅकच्या मागे धावतो. चित्र कापतानाच तात्पुरतं संगीत लावून ठेवायची सवय तर याहून घातक, कारण ढिला शॉटही त्या संगीतावर घट्ट वाटतो आणि संगीत काढलं की उघडा पडतो. आधी कोरडा एडिट करावा. तो मुका असतानाही नजर कुठे अडकते ते बघावं. ‘द एक्झॉर्सिस्ट’चा (१९७३) दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिनने लालो शिफ्रिनकडून करून घेतलेलं संगीत नाकारलं आणि तयार ध्वनिमुद्रणांतले छोटे छोटे तुकडे वापरले. त्यातला सगळ्यात गाजलेला माइक ओल्डफिल्डच्या ‘ट्युब्युलर बेल्स’चा. त्या अल्बमचा सैतानाशी काडीचा संबंध नव्हता. सिनेमात तो वाजतो तेव्हा मुलीची आई पानगळीच्या दिवसांत रस्त्याने घरी चालत असते. आज मात्र ते पियानोचे सूर लागले की लोक शहारतात. भीती सुरांत नव्हती, सिनेमाने ती त्यांना चिकटवली.

‘द शायनिंग’ (१९८०) याबाबतीत एडिटरने अभ्यासावा असा. बार्टोक, लिगेटी, पेंडेरेत्स्की यांची आधीच रेकॉर्ड झालेलं संगीत चित्रावर बसवायचं काम संगीत-संकलक गॉर्डन स्टेनफोर्थने केलं, आणि शेवटाकडे तर पेंडेरेत्स्कीच्या रचना एकावर एक रचल्या. तरीही त्या सिनेमातला मला सर्वांत तणावाचा वाटणारा आवाज संगीत नाहीच: तिचाकीवरून हॉटेलभर फिरणाऱ्या छोट्या डॅनीची चाकं. लाकडी जमिनीवर खडखडाट, गालिच्यावर गप्प, पुन्हा खडखडाट. प्रत्येक वळणाला ते गप्प होणं आपण वाट बघत ऐकतो.

हे आता होस्टेलच्या पॅसेजमध्ये आणू. रात्री दोन वाजता एक मुलगी बाटली भरायला वॉटर कूलरपाशी येते. कूलरचा कॉम्प्रेसर घुमतोय. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अशा यंत्रांच्या घुमण्यात १०० हर्ट्झचा सूर ठळक असतो. पाश्चात्त्य सप्तकातला खालचा ‘जी’ ९८ हर्ट्झचा आहे, म्हणजे जवळजवळ तोच. तेव्हा त्या पट्टीतला एक सपाट, कसलंही वळण नसलेला सूर घ्यावा, किंचित वर खेचून कूलरशी जुळवावा आणि घुमण्याच्या पोटात लपवून पंधरा-वीस सेकंदांत हळूहळू वाढवावा. कोणाच्या लक्षात येणार नाही. मग खट्कन कॉम्प्रेसर बंद होतो, जसा तो खरोखर होतो. घुमणं थांबायला हवं, पण त्यातला एक पदर चालूच राहतो. त्या क्षणी प्रेक्षकाला कळतं की इतका वेळ कूलरबरोबर आणखी काहीतरी होतं. मुलीला ते कळलेलं नाही. ती बाटलीचं झाकण लावते आहे. इथून पुढची प्रत्येक फ्रेम आपोआप ताणाची आहे. आता मूळ सुराशेजारी चार हर्ट्झच्या फरकाने दुसरा सूर आणला की सेकंदाला चार हेलकावे उठतात. तंबोऱ्याच्या जोडाच्या तारा नीट मिळाल्या नसतील तर ऐकू येतात तेच हे हेलकावे. आपला कान तंबोऱ्यावर वाढलेला आहे, त्यामुळे नुसता स्थिर सूर मराठी श्रोत्याला घाबरवत नाही, उलट निवांत करतो. ड्रोन, म्हणजे असा अखंड सूर, वापरणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवायला हवं. न मिळालेला सूर मात्र त्याच कानाला लगेच टोचतो. आणि शेवट फेड करून करू नये. चालू सूर मध्येच तोडावा, टिचकी ऐकू येऊ नये म्हणून कापाच्या जागी दहा मिलिसेकंदांचा फेड द्यावा, खालचा रूम टोन चालू ठेवावा. संगीताचं येणं-जाणं चित्राच्या कटवरच बसवू नये, आठ-दहा फ्रेम मागेपुढे ठेवावं, नाहीतर एडिटरचा हात दिसतो. बहुतेक जण ही फिल्म मोबाइलवर पाहणार असतील तर आणखी एक खबरदारी: त्या स्पीकरमधून शे-दीडशे हर्ट्झखालचं जवळपास काहीच येत नाही. हेडफोनवर पोटात घुसणारा ४० हर्ट्झचा सूर तिथे गायब असतो. सुराला वरचे स्वरांश असले, २००-३०० हर्ट्झच्या पुढचे, तरच तो पोहोचतो.

हे सगळं परदेशी शिस्तीचं झालं, आपल्या प्रेक्षकाला भरघोस संगीत लागतंच, असंही म्हटलं जाईल. भरघोस आणि अखंड यांत फरक आहे. ‘महल’मधलं (१९४९) लता मंगेशकरांचं ते गाजलेलं गाणं आठवा. खेमचंद प्रकाशांनी त्याच्या सुरुवातीच्या ओळी रेकॉर्ड करताना लताबाईंना मायक्रोफोनपासून लांब उभं केलं आणि गात गात जवळ यायला सांगितलं. सूर तोच राहतो, अंतर कमी होत जातं. कोणीतरी येतंय, ही बातमी इथे वाद्यवृंदाने नाही, एका गळ्याने आणि काही पावलांनी दिली. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’मध्ये (२०१८) येस्पर किडचं संगीत भरघोस आहे, पण त्याखाली पाऊस इतका सतत आहे की वाड्याच्या आत, जमिनीखाली उतरलं की पावसाचं नसणंच कानावर येतं.

निवडीत एक बाब कायद्याचीही आहे, आणि ती शेवटच्या रात्री आठवून उपयोग नाही. भारतात संगीतरचनेवरचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, ध्वनिमुद्रणावरचा वेगळा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं. म्हणजे १९४५ साली वारलेल्या बार्टोकचे सूर इथे मोकळे आहेत, पण कुठल्या तरी वाद्यवृंदाने अलीकडे केलेलं त्यांचं रेकॉर्डिंग नाही. पेंडेरेत्स्की २०२० साली गेला. त्याला हात लावू नये. ‘शायनिंग’सारखं काहीतरी हवं म्हणून तोच ट्रॅक उचलणाऱ्यांची फिल्म महोत्सवाच्या अर्जावर अडते किंवा यूट्यूबवर दावा लागून पडते. ज्याला धून हवीच आहे त्याने फ्रिट्झ लांगचा ‘एम’ (१९३१) पाहावा. त्यात पार्श्वसंगीत नाही. संगीतकार ग्रीगची एक धून खुनी शीळ घालून वाजवतो, एवढंच, आणि आंधळा फुगेवाला त्या शीळेवरून त्याला ओळखतो. नट पीटर लॉरेला शीळ घालता येत नव्हती, म्हणून ती लांगने स्वतः घातली. ग्रीग १९०७ साली वारला, त्याच्या धुनेवर आज कोणाचाही हक्क नाही, आणि शीळ रेकॉर्ड करायला खिशातला फोन पुरतो.